मेगालोडॉनचे दात निवडताना

मेरीलँडमध्ये चेसापीक उपसागराला लागून कॅल्व्हर्ट क्लिफ्सचे कडे आहेत. लाटा त्यांचा पाया कोरतात, दरड ढासळते आणि मायोसीन काळातले शार्कचे दात वाळूत येऊन पडतात. शार्कचा सांगाडा कूर्चेचा. तो क्वचितच टिकतो. त्यामुळे नामशेष शार्कच्या वर्गीकरणाची बहुतेक भिस्त दातांवरच.

चाळणीत उरलेले दात धुऊन निवडायला बसलं, की माझी नजर आधी सगळ्यांत मोठ्या दाताकडे जाते. पण आकारावरून जात ठरत नाही. कडेवरून नख फिरवायचं. दात रुंद, चपटा आणि कड गुळगुळीत असेल, तर तो बहुधा हॅस्टॅलिस या नामशेष शार्कचा. कड करवतीसारखी लागली, तर भिंगाखाली मुळाजवळच्या दोन्ही बाजू पाहायच्या. मुख्य टोकाशेजारी छोटे सुळके असले तर चुबुटेन्सिस हा नामशेष शार्क, नसले तर मेगालोडॉन.

मेगालोडॉन आणि आजचा ग्रेट व्हाइट शार्क, दोघांचेही दात त्रिकोणी आणि दंतुर कडांचे. म्हणूनच लुई अगासी यांनी एकोणिसाव्या शतकात मेगालोडॉनला ग्रेट व्हाइटच्याच कार्कारोडॉन गटात घातलं. आता बहुतेक अभ्यासक दोघांची कुळं वेगळी मानतात, आणि मला ते पूर्ण पटतं. पेरूच्या पिस्को खडकांतल्या एका शार्कचे २२२ दात आणि ४५ मणके मिळाले. २०१२ साली त्याला कार्कारोडॉन हबेली हे नाव मिळालं. त्याच्या कडांवर दाते अर्धवटच उमटलेत. म्हणजे हा मधला दुवा: ग्रेट व्हाइटचा वंश गुळगुळीत कडांच्या हॅस्टॅलिसकडून आला. मेगालोडॉनच्या वंशात दंतुर कडा स्वतंत्रपणे घडल्या.

सुळक्यांचा निवाडा मात्र वाटतो तितका सोपा नाही. कॅल्व्हर्टच्या ३५९ दातांची थरांनुसार मांडणी झाली, तेव्हा सर्वांत जुन्या थरांतल्या ८७ टक्के दातांना सुळके होते, सुमारे १.४५ कोटी वर्षांपूर्वीच्या थरांत ३३ टक्क्यांना; ७६ लाख वर्षांपूर्वीच्या थरांत एकालाही नाही. मधल्या लाखो वर्षांत दोन्ही तऱ्हेचे दात एकत्र सापडतात. मग चुबुटेन्सिस आणि मेगालोडॉन या दोन जाती, की हळूहळू बदलत गेलेला एकच वंश? मला दुसरं उत्तर खरं वाटतं. आणि ते देता येतं ते केवळ कुणीतरी प्रत्येक दाताची जागा नोंदवून ठेवली म्हणून.

तेव्हा असा दात सापडला, तर जागा आणि तारीख लिहून ठेवा, फोटो काढा आणि जवळच्या संग्रहालयाला दाखवा. कड्याच्या पायथ्याशी मात्र जाऊ नका. दरड कधीही कोसळते.