सुई बाहेर आल्यानंतर

इंजेक्शन देऊन झालं की पेशंट सुटतो. सिस्टरची जोखीम तिथून पुढे सुरू होते, कारण तिच्या हातात आता वापरलेली उघडी सुई असते.

लसीची सुई जेमतेम ०.६ मिलिमीटर जाड आणि आतून पोकळ. त्या पोकळीत डोळ्यांना न दिसणारं रक्त राहू शकतं. हेपॅटायटिस बीच्या रुग्णाला टोचलेली सुई लागली, तर लस न घेतलेल्या शंभरांपैकी ६ ते ३० जणांना लागण होऊ शकते. एचआयव्हीच्या बाबतीत हेच प्रमाण हजारात सुमारे ३. हेपॅटायटिस बीचा विषाणू तर वाळलेल्या रक्तातही आठवडाभर तग धरतो!

मग सुई लागते कशी? बरेचदा टोपण परत बसवताना. एका हातात सुई, दुसऱ्यात इवलंसं टोपण आणि दोन्ही हात एकमेकांकडे येतायत. नेम किंचित चुकला की टोक बोटात. उपाय इतका सोपा की नवल वाटावं: टोपण परत बसवायचंच नाही.

आरोग्य उपकेंद्रातल्या लसीकरणाच्या टेबलावर एक छोटा डबा असतो, हब कटर. सिस्टर सुई त्याच्या भोकात बुडापर्यंत घालते, दांडा दाबते, 'कट्' असा आवाज होतो आणि सुई प्लॅस्टिकच्या बुडासकट आत पडते. सिरिंजही साधी नसते. या एडी (ऑटो-डिसेबल, म्हणजे एकदाच वापरता येणाऱ्या) सिरिंजच्या काही प्रकारांत धातूची बारीक क्लिप असते. दट्ट्या एकदा पूर्ण दाबला की परत मागे ओढताच येत नाही. सिरिंज पुढच्या बाळाला जपते, कटर सिस्टरला. ही विभागणी मला फार सुरेख वाटते.

काही सिरिंजमध्ये तर स्प्रिंग असते: दट्ट्या तळाला टेकला की सुई थेट शरीरातूनच नळीत खेचली जाते. अमेरिकेने २००० साली अशा सुरक्षित साधनांसाठी कायदा केला आणि साधनं निवडताना ती वापरणाऱ्यांचं मत घेणं बंधनकारक केलं. हे कलम मला सर्वांत शहाणपणाचं वाटतं.

तरीही सुई लागलीच, तर बोट पिळायचं नाही, तोंडात घालायचं नाही. साबणपाण्यानं धुवायचं आणि लगेच वरिष्ठांना कळवायचं. एचआयव्ही रोखणारी औषधं शक्यतो दोन तासांत, फार तर ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात.

अचानक हललेला हातपाय हेही सुई लागण्याचं एक कारण आहे. म्हणून बाळाला टोचताना त्याला घट्ट धरा आणि सुई डब्यात पडेपर्यंत सिस्टरला काही विचारू नका.