पहिला नंबर त्यांचा, दुसराही त्यांचाच!

2003 संपून 2004 उजाडत होतं. अमेरिकेत या आठवड्यात कोणतं गाणं सर्वांत जास्त चाललं, हे सांगणारी यादी म्हणजे 'बिलबोर्ड हॉट 100'. पहिल्या नंबरवर होतं 'हे या!'. कोणाचं? आउटकास्टचं. दुसऱ्यावर 'द वे यू मूव्ह'. ते कोणाचं? तेही आउटकास्टचंच!

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अटलांटातली ही हिप-हॉप जोडी: आंद्रे बेंजामिन ऊर्फ आंद्रे 3000 आणि अँटवन पॅटन ऊर्फ बिग बॉय. दोघं शाळेपासूनचे दोस्त. त्यांचा पहिला अल्बम 1994 चा. तेव्हा रॅपचा दरारा न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसचा. दक्षिणेतल्या पोरांना विचारतो कोण? 1995 मध्ये न्यूयॉर्कमध्ये रॅपच्या 'सोर्स' पुरस्कार सोहळ्यात ही जोडी नवोदितांचं बक्षीस घ्यायला मंचावर आली, तर प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. आंद्रेनं माइकवरून ठणकावलं, दक्षिणेलाही काही सांगायचं आहे!

पण ते ऐकलं जातंय, हे यादीला कळणार कसं? पूर्वी ही यादी काढणाऱ्या 'बिलबोर्ड'ला दुकानदार सांगतील त्यावर विसंबावं लागे. त्यात अंदाज आला, आवडनिवड आली. 1991 पासून गल्ल्यावर बारकोड वाचून झालेली खरी विक्री मोजली जाऊ लागली आणि रॅप किती खपतं ते लख्ख दिसलं. 1998 च्या अखेरीस आणखी एक दार उघडलं. गाणं सुटं विकायला काढलेलं नसलं, तरी निव्वळ रेडिओवर वाजण्याच्या जोरावर ते हॉट 100 मध्ये येऊ शकणार होतं. पुढे 2001 मध्ये 'मिस जॅक्सन' या गाण्यानं आउटकास्टला पहिला नंबर मिळवून दिला.

मग सप्टेंबर 2003 मध्ये आला 'स्पीकरबॉक्स / द लव्ह बिलो' हा अल्बम. एकाच वेष्टनात दोन सीडी: एक बिग बॉयची, दुसरी आंद्रेची. पहिल्याच आठवड्यात 5 लाखांहून जास्त संच खपले. आता कळलं ना वरच्या दोन गाण्यांचं कोडं? 'हे या!' आंद्रेच्या सीडीतलं, 'द वे यू मूव्ह' बिग बॉयच्या. दोन मित्र वेगवेगळ्या वाटांनी निघाले आणि शिखरावर एकमेकांशेजारी जाऊन उभे राहिले!

'हे या!' एकदा टाळी देत ऐका. चार, चार, चार असं सुरळीत चाललेलं असताना मध्येच दोनच मात्रांचा तुकडा येतो. मग पुन्हा चार, चार. बेरीज करा: 22 मात्रांचं आवर्तन! तीनतालाच्या सोळा मात्रांत रुळलेल्या कानालाही इथे सम शोधावी लागेल. तरी जगभरची पावलं त्यावर बिनचूक थिरकली. इतका आडवळणी हिशेब आणि ऐकणाऱ्याला त्याचा पत्ताही नाही, याहून मोठी कारागिरी कोणती?

नऊ आठवडे हे गाणं पहिलं राहिलं. फेब्रुवारी 2004 मध्ये त्याला खाली खेचलं कोणी? 'द वे यू मूव्ह'नं. आपणच आपल्याला हरवायचं! बीटल्सनी 1964 मध्ये ते केलं होतं, पण असा योग दुर्मीळच.

विक्रीच्या मोजणीतही एक मौज आहे. 'बिलबोर्ड' एक संच एकदाच धरतं. पण सोनेरी, प्लॅटिनम असे किताब देणाऱ्या अमेरिकी ध्वनिमुद्रण संघटनेचा नियम वेगळा: दोन सीडींचा संच शंभर मिनिटांहून मोठा असेल, तर प्रत्येक सीडी स्वतंत्र धरायची. हा अल्बम सव्वादोन तासांच्या आसपासचा. म्हणजे 50 लाख संच गेले की हिशेबात 1 कोटी आणि नावापुढे 'डायमंड'! तो किताब या अल्बमला मिळाला.

फेब्रुवारी 2004 मध्येच या अल्बमला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमीही मिळालं. तोवर हिप-हॉपच्या वाट्याला हा मान एकदाच आला होता, 1999 मध्ये लॉरिन हिलच्या रूपानं. दक्षिणेला काय सांगायचं होतं, ते ऐकायचं असेल तर दोन्ही सीडी सलग ऐका. एकीवर थांबलात, तर अर्धीच जोडी भेटेल.