एकास पस्तीस : रणगाडा तळहातावर घेऊन काढलेलं एक वर्ष

रायपूरच्या समता कॉलोनीतून, नेहमीच्याच टेबलावरून. जे ही मालिका सुरुवातीपासून ऐकत आले आहेत त्यांना हे टेबल पाठ झालं असेल. डावीकडे दिवा, उजवीकडे कंप्रेसर, आणि मधे सौभाग्यवतींनी खडूनं आखून दिलेली नियंत्रण रेषा. त्या रेषेच्या पलीकडे माझं सामान जायचं नाही असा करार आहे. वर्षभरात मी तो तीनदा मोडला.

या दिवाळीला मला मॉडेल करायला लागून एक वर्ष झालं. हिशोब सांगतो. दोन विमानं, एक जीप आणि एक रणगाडा पूर्ण. एक विमान कायमचं बिघडलं, ते कपाटात मागे आहे. रणगाड्याला पाच महिने लागले, म्हणून आज बोलणं मुख्यतः त्याच्याबद्दल.

आधी स्केल म्हणजे काय ते बघू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. मागच्या दिवाळीत नातू पुण्याहून आला होता. आम्ही गच्चीवर किल्ला केला. गोणपाट, माती, अळीव पेरलं, सगळं रीतसर. किल्ल्यावर महाराज बसवले तर ते महादरवाज्यापेक्षा उंच. नातू म्हणाला, "आबा, महाराज आत कसे जाणार?" प्रश्न बरोबर होता. पण दिवाळीच्या किल्ल्यात माप आदराचं असतं. महाराज मोठे, मावळे त्याहून लहान, आणि भाजीवाली बाई कधीकधी तोफेएवढी.

फौजेत आम्ही सँड मॉडेल करायचो. हल्ल्याच्या आधी जमिनीवर वाळूत सगळा मुलूख मांडायचा, भुशाचं गवत, चुन्याची वाट, निळ्या भुकटीचा नाला, आणि भोवती बसून प्रत्येकानं आपलं काम बोलून दाखवायचं. त्यातही माप पूर्ण खरं नसतं. टेकडीची उंची मुद्दाम वाढवतात, म्हणजे जवानाला चढ डोळ्यांना दिसतो.

स्केल मॉडेलमध्ये ही सूट नाही. १/३५ म्हटलं की सगळ्याला पस्तीसनं भागायचं. तोफेलाही आणि चहाच्या मगालाही. आता पस्तीसच का? त्यात शास्त्र काही नाही. जपानमधल्या शिझुओकाच्या तामिया कंपनीनं १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मन पँथर रणगाड्याचं मोटरवर चालणारं मॉडेल काढलं. आत बॅटरीचे दोन सेल बसले पाहिजेत म्हणून रणगाड्याची रुंदी ठरली आणि नंतर मोजलं तर माप साधारण एकास पस्तीस निघालं. पुढे सगळं जग तेच करायला लागलं. विमानांचं १/७२ जास्त समजूतदार आहे. सहा फूट म्हणजे बहात्तर इंच, म्हणून सहा फुटांचा माणूस बरोबर एक इंचाचा होतो.

माझा रणगाडा टी-५५. खरा तोफेसकट नऊ मीटर लांब, म्हणजे मॉडेल सुमारे सव्वीस सेंटिमीटर. उंची २.४ मीटर, मॉडेल जेमतेम सात सेंटिमीटर. वजनाचं गणित मजेशीर आहे. लांबी पस्तीसनं भागतो तेव्हा वजनाला पस्तीस गुणिले पस्तीस गुणिले पस्तीस, म्हणजे ४२,८७५ नं भागावं लागतं. छत्तीस टनांचा रणगाडा तितकाच लहान पण खऱ्या पोलादाचा केला तर तो साधारण ८४० ग्रॅमचा होईल. प्लॅस्टिकचं मॉडेल त्याहून कितीतरी हलकं, आणि म्हणूनच ते खोटं वाटतं. त्याचे पट्टे चाकांवर तरंगल्यासारखे राहतात. खऱ्या रणगाड्याचा वरचा पट्टा स्वतःच्या वजनानं चाकांवर लोंबतो. टी-५५ ला वरून पट्टा उचलणारे छोटे रोलरच नाहीत, त्यामुळे ही लोंब ठळक दिसते. ती आपण हातानं आणायची. मी प्रत्येक चाकावर पट्टा गमानं दाबून धरला आणि वर कापसाचे बोळे कोंबून रात्रभर ठेवला.

सुरुवात मात्र रणगाड्यानं करू नका. मी १/७२ च्या नॅट विमानानं केली. १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरवर फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों ज्यात लढले ते हे विमान. पंखांचा विस्तार खऱ्यात पावणेसात मीटर, मॉडेलमध्ये नऊ-साडेनऊ सेंटिमीटर. भाग थोडे आणि एका आठवड्यात होतं. माझं तरीही बिघडलं. कॉकपिटची काच इन्स्टंट गमानं चिकटवली आणि सकाळी बघतो तर आतून पांढरी. त्या गमाची वाफ पारदर्शक प्लॅस्टिकवर बसते. काचेला पांढरा फेविकॉलच लावा. बाकीच्या भागांना मॉडेलचं पातळ सिमेंट. ते चिकटवत नाही, दोन्ही कडा थोड्या विरघळवून एकजीव करतं, म्हणून थेंबभरच पुरे. कपाटात मागे आहे ते हेच.

आता रायपूरच्या हवेबद्दल. परदेशी पुस्तकं लिहिणाऱ्यांनी आमचा मे महिना बघितलेला नाही. आमच्याकडे रोहिणी नक्षत्रात सूर्य आला की नवतपा लागतो, मे संपता संपताचे नऊ दिवस. त्या दिवसांत मी एअरब्रशनं हिरवा रंग मारायला बसलो. पारा पंचेचाळीसच्या आसपास. रंग नळीतून निघून मॉडेलपर्यंत पोचायच्या आत हवेतच वाळायचा आणि वर भुकटीसारखा बसायचा. हात फिरवला तर वॉटर पेपर. मग कूलर लावला. कूलरनं ओल आणि धूळ दोन्ही आणली. शेवटी पहाटे साडेचारला उठून, थिनरचं प्रमाण वाढवून आणि ब्रश जवळ धरून काम केलं. फौजेची सवय इथे उपयोगी पडली.

पावसाळ्यात उलटं. वार्निश मारलं की दुधाळ धुकं. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर हवेतली वाफ धरते आणि वार्निशच्या आत अडकते. उपाय एकच, पाऊस उघडेपर्यंत थांबा. मी थांबलो नाही. खोली बंद करून एसी लावून लॅकरचा रंग मारला आणि दोन दिवस डोकं धरून बसलो. हे मात्र गमतीत घेऊ नका. खिडकी उघडी ठेवा आणि कार्बन फिल्टरचा मास्क वापरा, कापडी रुमाल नाही. त्यानंतर माझी बदली गच्चीवर झाली.

रंगाबद्दल एक गोष्ट माझ्या डोक्यात फार उशिरा शिरली. खऱ्या गाडीचाच रंग आणून मॉडेलला मारला तर मॉडेल काळपट दिसतं. रणगाडा आपण तीस-चाळीस पावलांवरून बघतो, मधल्या हवेनं आणि धुळीनं रंग फिका होतो. मॉडेल हातभर अंतरावर असतं, ती हवा मधे नसते. म्हणून ती हवा रंगात मिसळायची. मी हिरव्यात थोडा वाळूचा रंग घातला आणि पहिल्यांदा वाटलं की हो, हाच तो.

धुळीसाठी इथली मटासी माती वाळवून, कुटून, मलमलीच्या तीन पदरांतून चाळली. इतकी बारीक कशाला? अर्ध्या मिलिमीटरचा कण १/३५ मध्ये पावणेदोन सेंटिमीटरचा खडा होतो. न चाळलेली माती टाकली तर रणगाडा धुळीतून नाही, खडीच्या ढिगातून आल्यासारखा दिसतो.

टरेटचा धडा अहिल्यानगरला मिळाला, म्हणजे आमच्या जुन्या अहमदनगरला. तिथल्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये मी तरुणपणी कितीदा गेलो असेन, पण तेव्हा मी तोफ बघायचो. या वर्षी गेलो आणि शर्मनच्या टरेटवर नुसता हात फिरवला. ओतीव पोलाद खरखरीत असतं, संत्र्याच्या सालीसारखं. टी-५५ चंही टरेट ओतीव, खालचा सांगाडा मात्र सपाट पत्र्यांचा, वेल्डिंगच्या शिवणीचा. किटमधलं टरेट साबणासारखं गुळगुळीत होतं. पातळ केलेली पुट्टी झिजलेल्या ब्रशनं ठोकत ठोकत लावली, वाळल्यावर हलका वॉटर पेपर मारला. ज्या यंत्रात मी इतकी वर्षं बसलो त्याची कातडी कशी आहे हे मला साठीनंतर कळलं.

आता मुख्य गोष्ट. मला आधी १९७१ चा टी-५५ करायचा होता. सगळ्यांनाच लढाईतली गाडी करायची असते. त्यात एक नामी तपशील आहे. पाकिस्तानकडे चिनी टाइप ५९ होते, आमच्याकडे टी-५४ आणि टी-५५. एकाच रशियन घराण्यातले, लांबून जुळे भाऊ. छांबच्या आघाडीवर तर दोन्ही बाजूंना हेच. आपल्याच गोळ्यानं आपली गाडी जाऊ नये म्हणून आमच्या रणगाड्यांच्या नळीवर मधोमध एक खोटा फुगवटा बसवला गेला. नळीतला धूर ओढून घेणारा फुगवटा खऱ्या टी-५५ ला तोंडाशी असतो. मधला निव्वळ ओळखीसाठी. मी तो फुगवटा करूनही ठेवला होता, रिफिलच्या नळीवर पुट्टी चढवून.

बसवला नाही. कारण १९७१ ला मी शाळेत होतो. मी ज्यात बसलो तो रणगाडा वेगळा आणि तो कधी लढाईत गेला नाही. १९८६ च्या हिवाळ्यात राजस्थानात सरावाला होता. मी लेफ्टनंट, टँक कमांडर. टी-५५ मध्ये चौघं. ड्रायव्हर पुढे, गनर आणि कमांडर टरेटमध्ये डावीकडे, लोडर उजवीकडे. लोडर सातारा जिल्ह्यातला, वयानं माझ्यापेक्षा लहान. परत येताना त्याचं हॅच उघडं होतं आणि हात कडेवर. गाडी वाळूच्या खळग्यात आपटली, हॅच खाली आलं. उजव्या हाताची दोन बोटं पहिल्या पेरापासून गेली.

हॅचचं लॉक लागलं आहे का, हे निघण्याआधी कमांडरनं विचारायचं असतं. मी विचारलं नव्हतं. चौकशीत अपघात म्हणून नोंद झाली आणि लोडरनंही माझ्याविरुद्ध अवाक्षर काढलं नाही. पुढे त्याला स्टोअरमध्ये काम दिलं, तो दफेदार होऊन निवृत्त झाला. दरवर्षी दसऱ्याला आम्ही एकमेकांना फोन करतो. बोटांचा विषय कधी निघाला नाही.

किटमध्ये हॅच हा वेगळा भाग असतो. उघडं चिकटवा किंवा बंद, तुमची मर्जी. बाकी सगळा रणगाडा जोडून झाला आणि तो दीड सेंटिमीटरचा तुकडा तीन आठवडे माझ्या डबीत पडून होता. बायकोनं विचारलं, हरवलाय का? नाही म्हटलं.

शेवटी मॉडेलचा फोटो त्याला पाठवला. संध्याकाळी फोन आला.

"जय हिंद साहेब. आपलीच का ही?"

"आपलीच, दफेदार. तुमचं हॅच राहिलंय. उघडं करू का बंद?"

थोडा वेळ आवाज नाही. मग म्हणाला, "उघडं करा साहेब. बंद असलं की आत लई उकडायचं." आणि जरा थांबून, "लॉक दावलंय का त्यात?"

माझ्या किटमध्ये लॉक म्हणून नुसता एक उंचवटा होता. मी तसं सांगितलं. आणि मग, अडतीस-एकोणचाळीस वर्षांनी, ते वाक्य मी म्हणालो जे तेव्हाच म्हणायला हवं होतं, की त्या दिवशी मी विचारायला पाहिजे होतं. तो म्हणाला, "माज्याबी ध्यानात नव्हतं साहेब." एवढंच. लगेच पुढे कडीचा आकार सांगायला लागला. कुठे वाकते, कुठे अडकते, गंज चढला की कशी अडते. मी कागद घेऊन लिहून घेतलं. ते लॉक त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार?

पाच-साडेपाच सेंटिमीटरची कडी १/३५ मध्ये दीड मिलिमीटर होते. जुन्या टेलिफोनच्या वायरमधली तांब्याची तार, भिंग, चिमटा. पहिली उडाली ती सापडलीच नाही. दुसरी जाड झाली. तिसरी बसली. हॅच उघडं आहे आणि लॉक लागलेलं आहे.

हे मॉडेल माझ्याकडे राहणार नाही. टपालानं पाठवलं तर नळी मोडते, म्हणून पुढच्या महिन्यात आझाद हिंद एक्स्प्रेसनं पुण्यापर्यंत मांडीवर घेऊन जाणार, तिथून साताऱ्याला. बुटाच्या खोक्यात फोम कापून जागा केली आहे. कपाटात त्याच्या जागी आता काय ठेवायचं यावर घरात चर्चा चालू आहे, आणि नियंत्रण रेषा थोडी मागे सरकेल अशी लक्षणं आहेत.

पुढच्या भागात डिकॅल, म्हणजे पाण्यात भिजवून लावायच्या खुणा आणि आकडे. वाटीभर पाणी आणि जुना मऊ ब्रश तयार ठेवा. जय हिंद.