आत्याचा अंबाडा

आत्याला स्वतःचा अंबाडा घालता येईना, तिथून हे सुरू झालं. वय ६८. रात्री धडधाकट झोपलेली बाई सकाळी उठायची ती दोन्ही खांदे आणि मांड्या आखडूनच. हात कानाच्या वर जाईना. कुशीवर वळायचं तर पलंगाचा कठडा धरावा लागे. दहा-साडेदहाला अंग हळूहळू मोकळं व्हायचं. दुपारी भाजी निवडत बसलेली पाहिली तर ही सकाळी वेदनेनं रडत होती, हे कुणाला खरं वाटलं नसतं.

तीन महिन्यांत दुखण्याला तीन नावं मिळाली: मानेचा स्पाँडिलोसिस, वयोमानाची झीज, चिकनगुन्या होऊन गेल्यावर मागे राहिलेला वात. तिन्ही पटण्यासारखी होती. एक्स-रेत हाडं दिसतात, दुखणं दिसत नाही. म्हणूनच संधिवाताच्या डॉक्टरांनी विचारलेला पहिला प्रश्न मला अजून आठवतो. "काकू, ठणकतं की आखडतं?"

आपल्या भाषेत दुखण्याला किती शब्द आहेत! कळ येते, ठणका लागतो, चमक निघते, उसण भरते, पाठ धरते, पायात गोळे येतात. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ साली दुखण्याच्या ७८ शब्दांची प्रश्नावली प्रसिद्ध केली, कारण वेदनेचं माप घ्यायला रुग्णाच्या शब्दाइतकं जवळचं दुसरं साधन नव्हतं. आत्या म्हणाली, "आखडतं. चाललं-फिरलं की सुटतं." झिजेचं दुखणं वापरानं वाढतं, सुजेचं दुखणं बहुधा विश्रांतीनंतर आखडतं. एका क्रियापदानं तपासाची दिशा बदलली.

मग ईएसआर. ही तपासणी इतकी साधी आहे की तिचं मला फार अप्रूप वाटतं. उभ्या नळीत रक्त ठेवायचं आणि तासाभरात तांबड्या पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते मोजायचं. शरीरात कुठे सूज असली की रक्तातली काही प्रथिनं वाढतात, पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात आणि जड होऊन लवकर तळाशी जातात. आत्याचा आकडा ८२ आला. सूज आहे एवढं कळलं. कुठे आणि कशाची, ते ईएसआर सांगत नाही.

डॉक्टरांनी नाव सांगितलं, पॉलिमायल्जिया ऱ्हुमॅटिका. पन्नाशीनंतरच होणारा, स्कँडिनेव्हियात बराच आढळणारा आणि आपल्याकडे कमी दिसणारा आजार. त्याची एकच एक अशी तपासणी नाही. बाकीचे आजार वगळत जायचं आणि प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या १५ मिलिग्रॅमला शरीर काय उत्तर देतं ते पाहायचं. तिसऱ्या दिवशी आत्यानं अंबाडा घातला.

मी त्याला चमत्कारच म्हटलं. डॉक्टर मात्र म्हणाले, "हाही पक्का पुरावा नव्हे." स्टेरॉइड बहुतेक सगळ्या सुजांना शांत करतं. म्हणून तर वातावरच्या बिननावाच्या पुड्यांमध्ये ते चोरून मिसळलेलं सापडतं, आणि लोक म्हणतात, काय गुण आला!

स्टेरॉइडचं औषध सापडलं तेही एका कोड्यातून. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये १९२९ साली फिलिप हेंच यांच्या एका रुग्णाला कावीळ झाली आणि त्याचे आमवाताचे सांधे अचानक मोकळे झाले. गरोदर बायकांनाही असाच आराम पडतो, हे पुढे त्यांच्या ध्यानात आलं. म्हणजे शरीर स्वतःच काहीतरी बनवत असणार. हेंच त्याला 'पदार्थ एक्स' म्हणू लागले. त्यांचे सहकारी एडवर्ड केंडल अधिवृक्क ग्रंथींमधून एकेक रसायन वेगळं करत होते. त्यातलंच एक, कॉर्टिसोन, सप्टेंबर १९४८ मध्ये आमवातानं जखडलेल्या २९ वर्षांच्या बाईला टोचलं आणि आठवडाभरात ती बाजारात खरेदीला गेली. १९५० साली दोघांना टाडेउश राइशस्टाइन यांच्यासह नोबेल मिळालं. लांबलेल्या उपचाराची किंमतही लवकरच दिसली: सुजलेला चेहरा, ठिसूळ हाडं.

आणि झोपी गेलेली ग्रंथी. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या या दोन अधिवृक्क ग्रंथी, प्रत्येकीचं वजन चार-पाच ग्रॅम. पहाटे आपण झोपेत असतानाच त्या कॉर्टिसोल वाढवू लागतात, म्हणजे उठायच्या वेळेला अंगात बळ तयार. त्यांना हुकूम मेंदूतून, पिट्युटरीकडून येतो. गोळीनं बाहेरून पुरवठा सुरू झाला की मेंदू हुकूम थांबवतो आणि ग्रंथी आक्रसत जातात. गोळी एकदम बंद केली तर रक्तदाब कोसळून जीवावर बेतू शकतं.

म्हणून डोस पायरीपायरीनं उतरवायचा. आत्या कॅलेंडरच्या चौकटीत रोज आकडा लिहिते: १५, साडेबारा, १०, आणि मग महिन्याला जेमतेम एक मिलिग्रॅम कमी. शरीर स्वतः बनवतं ते कॉर्टिसोल साधारण ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या तोडीचं. तिथवर गोळी भार वाहते. त्याखाली ग्रंथीला स्वतः उठावं लागतं.

४ वर आल्यावर आत्याचं अंग पुन्हा दुखू लागलं. आजार उलटला? की ग्रंथी अजून झोपेत? की शरीराला स्टेरॉइडची सवय सुटत नव्हती? तिन्हींत अंग मोडून येतं, थकवा येतो. पॉलिमायल्जिया या नावाबद्दलची शंकाही डोकं वर काढते. डॉक्टरांनी आधी कानशिलं दुखतात का, चावताना जबडा भरून येतो का, दिसायला धूसर होतं का, ते विचारलं. या आजाराच्या जोडीनं डोक्याच्या रक्तवाहिन्या सुजल्या तर दृष्टी जाऊ शकते. तसं काही नव्हतं. मग पुन्हा तोच प्रश्न. या वेळी आत्या जरा थांबून म्हणाली, "आखडत नाही. दिवसभर अंग गळून जातं." ईएसआर १८.

डोस पुन्हा ५ वर नेला. काही आठवड्यांनी सकाळी आठला, कॉर्टिसोल शिखरावर असतं त्या वेळी, रक्त द्यायला गेलो. त्या दिवशीची गोळी आत्यानं रुमालात बांधून आणली होती, सुई निघाल्यावर घ्यायची म्हणून. कॉर्टिसोल कमी आलं, पण अगदी तळाला नव्हतं. ग्रंथी चाळवली होती. डॉक्टर म्हणाले, आणखी तीन महिने इथेच थांबू. आत्यानं कॅलेंडरची पुढची तीन पानं उलटून प्रत्येक चौकटीत आताच ५ लिहून ठेवला आहे.