माकडांच्या बाजारात भाव कसा ठरतो?

दक्षिण आफ्रिकेतल्या लॉस्कॉप धरणाजवळच्या अभयारण्यात व्हर्वेट माकडांवर झालेला एक प्रयोग मला फार आवडतो. 2009 साली तो प्रसिद्ध झाला.

या माकडांचं चलन म्हणजे एकमेकांचे केस विंचरून किडे-घाण काढणं. कळपात खालच्या पायरीवरची मादी इतरांची सेवा भरपूर करते, पण तिच्या वाट्याला ती फारशी येत नाही. संशोधकांनी अशाच एका मादीला सफरचंदांचा डबा उघडण्याची किल्ली दिली म्हणा ना! तिच्याशिवाय डबा उघडेना. थोड्याच दिवसांत तिचा भाव वधारला, इतर माकडं तिच्या अंगावरचे केस निवडत बसू लागली. तिच्यावर कोणी हात उगारला नाही की आरडाओरडा केला नाही, मोबदल्याचं प्रमाण तेवढं बदललं.

मग दुसऱ्या एका मादीला दुसरा डबा उघडता येऊ लागला. पहिलीला मिळणारी सेवा घटत घटत जवळपास निम्म्यावर आली! पुरवठा वाढला, दर उतरला. भाषा नाही, पैसा नाही, तरी प्रत्येक माकडाला आजचा भाव ठाऊक.