लळा न लागणारे मूल: गैरसमज आणि वस्तुस्थिती

तान्हे मूल भुकेने किंवा भीतीने रडते आणि दर वेळी तीच एक-दोन माणसे त्याला उचलून घेतात, तेव्हा त्याला त्या माणसांचा लळा लागतो. मूल उपाशी राहिले, मार खात वाढले किंवा संस्थेत पाळीगणिक सांभाळणारे हात बदलत गेले, तर हा धागा जुळत नाही. पुढे चांगले घर मिळाले तरी अशी काही मुले आईवडिलांच्या जवळ येत नाहीत. दत्तक पालकांना याविषयी जे सल्ले मिळतात, त्यांतले बरेच ऐकीव असतात.

‘इतक्या लहानपणचे त्याला काय आठवणार?’ हा सर्वांत पक्का समज. प्रसंग आठवत नाहीत हे खरे. पण सतत ताणात वाढलेले शरीर पुढेही खुट्ट झाले तरी दचकते, आणि त्यासाठी आठवण लागत नाही. रुमानियात 1989 मध्ये चाउशेस्कूची राजवट कोसळल्यावर तिथल्या अनाथालयांची दैना जगापुढे आली. ब्रिटिश कुटुंबांनी दत्तक घेतलेल्या 165 रुमानियन मुलांचा, यांतली बहुतेक संस्थांतून आलेली, मानसोपचारतज्ज्ञ मायकेल रटर आणि सहकाऱ्यांनी मोठेपणापर्यंत मागोवा घेतला. संस्थेत सहा महिन्यांहून कमी काळ राहिलेली मुले ब्रिटनमध्येच जन्मलेल्या दत्तक मुलांसारखी वाढली. त्याहून जास्त काळ काढलेल्या अनेकांच्या अडचणी तरुणपणीही टिकल्या. मात्र त्यांच्यातही सुमारे पाचांतल्या एकाला कधीच विशेष त्रास झाला नाही. म्हणजे ‘काही होत नाही’ हे जितके चूक, तितकेच ‘आता याचे काही खरे नाही’ हेही.

‘कोणाकडेही जाते, किती माणसाळलेले आहे!’ हे कौतुकाने म्हटले जाते. अनोळखी माणसाच्या मांडीवर बिनदिक्कत बसणारे, बाजारात कोणाचाही हात धरून चालू लागणारे आणि आईकडे वळूनही न पाहणारे मूल मोकळे असेलच असे नाही. त्याच्या लेखी सगळी माणसे सारखीच असू शकतात. दुसरे टोक म्हणजे गुडघा फुटला तरी न रडणारे, कुशीत घेतले की ताठ होणारे मूल. 2013 पासून अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत हे दोन वेगळे विकार मानले आहेत. रुमानियातल्याच बुखारेस्टमध्ये संस्थांतल्या 136 मुलांपैकी निम्म्यांना चिठ्ठी टाकल्यासारखे निवडून पालक-कुटुंबांत ठेवण्यात आले. तेव्हा घुमेपणाची लक्षणे लवकर ओसरली. परक्यांशी अतिसलगी मात्र चिवट ठरली. दोन्ही विकार विरळ आहेत. प्रत्येक हट्टी दत्तक मुलावर हा शिक्का मारणे हासुद्धा गैरसमजच.

खोटे बोलणे, वस्तू लपवणे यांवर ‘शेवटी रक्त बोलतेच’ असे ऐकवले जाते. उशीखाली पोळीचे तुकडे दडवणाऱ्या मुलाला चोर ठरवण्याआधी त्याचे मागचे जेवण पाहावे. जिथे पुढचा घास मिळेल याची खात्री नव्हती, तिथे ते शहाणपणच होते. अशा वेळी न रागावता मुलाच्या हाताला येईल असा खाऊचा डबा कायम भरलेला ठेवणे उपयोगी पडते.

‘भरपूर प्रेम द्या, सगळे सुरळीत होईल’ हा सल्ला चांगल्या मनाने दिलेला, पण अपुरा. या मुलांना जवळीकच धोक्याची वाटू शकते. बळेच पापे घेतल्याने ती आणखी आक्रसतात. त्यांना आधी अंदाज बांधता यावा लागतो: तीच माणसे, त्याच वेळा, तोच क्रम. ‘चार वाजता येते’ म्हटले की चारला येणे. आपल्या भरल्या घरांत याचीच पंचाईत होते. मूल आले की बारशाची गर्दी, या मावशीकडून त्या आत्याकडे. सुरुवातीचे काही महिने भरवणे, आंघोळ घालणे, निजवणे आईवडिलांनीच केले, तर मुलाला आपली माणसे कोणती हे कळते. नातेवाईक रुसतील, रुसू द्यावेत.

शिस्त हवीच, पण मुलाला खोलीत कोंडले की जुने एकटेपण परत येते. जवळ बसवून शांत होऊ देणे बरे. जबरदस्तीने धरून ठेवण्याचे, गुंडाळून ‘पुनर्जन्म’ देण्याचे तथाकथित उपचार तर जिवावर बेततात. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये 2000 साली अशा उपचारात दहा वर्षांची दत्तक मुलगी गुदमरून गेली. पुढच्या वर्षी त्या राज्याने हा प्रकार कायद्याने बंद केला. खऱ्या उपचारात प्रशिक्षित तज्ज्ञ मुलाबरोबर पालकांनाही घेऊन काम करतो.

अडचण सांगितली तर मूल काढून घेतील, या भीतीने अनेक पालक गप्प बसतात. भारतात 2022 च्या दत्तक नियमांनुसार मूल घरी आल्यावर दोन वर्षे, दर सहा महिन्यांनी पाठपुरावा होतो. त्यात ‘सगळे छान आहे’ एवढेच नोंदवले, तर जुळवून घेण्यातल्या अडचणींसाठी नियमांत असलेले समुपदेशन त्या घरापर्यंत पोहोचतच नाही.