१,७६८ तुकडे

न्यूझीलंडमधल्या एका माओरी कुटुंबात तीस वर्षांत २५ माणसं जठराच्या कर्करोगानं गेली. सर्वांत कमी वय होतं १४. अखेर घरच्यांच्याच साथीनं ओटागो विद्यापीठातल्या पॅरी गिल्फर्ड यांच्या गटानं कारण शोधलं. १९९८ साली ते 'नेचर'मध्ये छापून आलं. सोळाव्या गुणसूत्रावरच्या सीडीएच१ जनुकात एका ठिकाणी 'जी'च्या जागी 'टी' पडला होता. आपल्या जनुकीय मजकुरात अशी अक्षरं सुमारे ३०० कोटी. त्यातलं एक चुकलं.

या जनुकापासून ई-कॅडहेरिन हे प्रथिन बनतं. शेजारशेजारच्या पेशी एकमेकींना धरून असतात त्या त्याच्या जोरावर. ते नसलं की पेशी सुट्या होतात आणि गाठ न बांधता अस्तराखाली विखुरतात. वरून दुर्बीण घालणाऱ्या डॉक्टरला अस्तर दिसतं गुलाबी, गुळगुळीत.

मग बायोप्सी. नियमाप्रमाणे एका वेळी जठराच्या निरनिराळ्या भागांतून निदान ३० तुकडे घ्यायचे. पुष्कळ वाटतात; पण कर्करोगाचा ठिपका कधीकधी जेमतेम ०.१ मिलिमीटरचा असतो. २०१२ साली काही संशोधकांनी काढून टाकलेल्या जठरांवरून हिशेबच मांडला. एक तरी ठिपका हाती लागण्याची ९० टक्के खात्री हवी, तर सरासरी १,७६८ तुकडे घ्यावे लागतील. एखाद्या जठरात ५० पुरतील, एखाद्यात ५,८३२ लागतील. वर्षाला ३० धरले तर १,७६८ व्हायला ५९ वर्षं, ५,८३२ व्हायला १९४! 'रिपोर्ट नॉर्मल' या दोन शब्दांवर किती विसंबायचं, ते ज्यानं त्यानं ठरवावं.

म्हणून जनुकातला दोषच शोधला जातो, रक्ताच्या नमुन्यावरून. आई किंवा वडिलांत दोष असेल तर प्रत्येक मुलात तो उतरण्याची शक्यता निम्मी. दोष असलेल्यांना जन्मभरात हा कर्करोग होण्याचा धोका पूर्वी ७० टक्के किंवा त्याहून अधिक सांगत. पण ती मोजणीच मुळी जास्त मृत्यू झालेल्या घरांपासून सुरू झाली होती. २०१९च्या एका मोठ्या अभ्यासात तो पुरुषांत ४२ आणि स्त्रियांत ३३ टक्के निघाला.

तरीही सल्ला बहुधा असा असतो: विशी-तिशीत, काही दुखतखुपत नसताना, अख्खं जठर काढून टाका. अन्ननलिका थेट लहान आतड्याला जोडतात. पुढे थोडंथोडं, पुन्हापुन्हा खायचं आणि बी-१२ जन्मभर घ्यायचं. न्यूझीलंडमध्ये अशी काढलेली काही जठरं पूर्ण चिरून सूक्ष्मदर्शकाखाली तपासली, तेव्हा कुणात ४ ठिपके सापडले, कुणात ३१८. त्यातला कोणता वाढला असता आणि कोणता वर्षानुवर्षं तसाच पडून राहिला असता, हे आजही कुठल्या तपासणीत कळत नाही.